कमरेचं खातं एकच असतं
जुनं दुखणं सांभाळून खेळ कसा चालू ठेवायचा

धानाची कापणी-मळणी आटोपली की आपल्या झाडीपट्टीत मंडई भरते, रात्री नाटकं रंगतात आणि गावोगावी कबड्डीची मैदानं आखली जातात. 26 जानेवारीला शाळेच्या पटांगणावर सामने, 14 एप्रिलच्या सुमारास वस्तीतले सामने, उन्हाळ्यात टेनिस बॉलवरचं क्रिकेट. व्हॉलीबॉलची जाळी तर जंगलाच्या अगदी आतल्या गावातही बांधलेली दिसते. याच दिवसांत सिंदेवाही तालुक्यातल्या वस्त्यांमधून आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो : "ताई, कंबर दुखते, पण खेळ सोडवत नाही. काय करू?"

विचारणारा कधी 22 वर्षांचा चढाईपटू असतो, कधी पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी, कधी चाळिशी ओलांडलेला व्हॉलीबॉलवाला. त्यांना घरून नि मित्रांकडून दोनच उत्तरं मिळालेली असतात. घरचे म्हणतात, "सोड तो खेळ, पडून राहा." मित्र म्हणतात, "एक सुई टोचून घे आणि उतर मैदानात." आम्ही वॉर्डात नर्स म्हणून काम केलं, आता वस्त्यांमध्ये फिरतो. दोन्ही उत्तरांचे परिणाम आम्ही पाहिले आहेत. पहिल्या उत्तराने चांगला खेळाडू खाटेला लागतो, दुसऱ्याने महिन्याभराचं दुखणं वर्षभराचं होतं. मधली वाट आहे. ती हळू आहे, पण बहुतेकांना मैदानात परत आणते.

दुखतं म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या पाठीच्या कण्यात मणके एकावर एक रचलेले असतात. दोन मणक्यांच्या मध्ये धक्का झेलणारी गादी असते. मणक्यांना धरून ठेवायला पाठीचे, पोटाचे आणि कुल्ल्यांचे स्नायू असतात, आणि कण्याच्या पोकळीतून नसा खाली पायांकडे जातात. कंबर दुखते तेव्हा बहुतेक वेळा यातलं काही तुटलेलं नसतं. शंभरातल्या सुमारे नव्वद जणांच्या दुखण्याला एक ठरावीक कारण सापडत नाही. स्नायू, सांधे, गादी यांवर झेपेल त्यापेक्षा जास्त भार पडलेला असतो, एवढंच सांगता येतं. अशी अचानक भरलेली उसण बहुतेकांची सहा आठवड्यांत बरीच कमी होते.

"गादी सरकली" हे शब्द ऐकले की घरात रडारड सुरू होते. गादी साबणासारखी सटकत नाही. ती फुगते, झिजते, कधी फाटते. आणि फुगलेली गादी म्हणजे दुखणं असंही नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्या 3,110 माणसांच्या कण्याच्या तपासण्यांचा आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात 20 वर्षं वयाच्या सुमारे 30 टक्के आणि 50 वर्षं वयाच्या सुमारे 60 टक्के लोकांत गादी फुगलेली दिसली. म्हणून एमआरआयचा कागद हातात आला की लगेच खेळ संपला असं समजू नका. कागदापेक्षा पायातली ताकद, बधिरपणा आणि रोजचं चालणं-फिरणं काय सांगतं ते डॉक्टरांना तपासू द्या.

पडून राहणं, पट्टा आणि लाथ

कंबर धरली की एक-दोन दिवस जड काम टाळा, पण खाट धरू नका. पडून राहिल्याने स्नायू ढिले पडतात, सांधे आखडतात आणि मनात भीती बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली जगात 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती. याच संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात व्यायाम आणि दुखण्याविषयी नीट माहिती देणं यांवर भर आहे. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताणणं हे उपाय सरसकट वापरू नयेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पट्टा बांधून कबड्डी खेळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घेण्याची रीत अजून आहे. जन्मताना पाय आधी आले म्हणून कुणाच्या पायात औषध येत नाही. उसण आपोआप उतरणार असते, श्रेय मात्र पायाळूला जातं. पण कण्याला टीबी झालेला असेल किंवा मणक्याला चीर गेली असेल, तर तीच लाथ घात करील. झटका देऊन कंबर "बसवून" देणाऱ्यांबद्दलही आमचं हेच म्हणणं आहे.

कामाचा आणि खेळाचा भार एकाच खात्यात

आपल्या खेळाडूंची गोष्ट शहरातल्या खेळाडूंपेक्षा वेगळी आहे. आपला कोपरारक्षक दिवसा राइस मिलमध्ये पोती वाहतो आणि संध्याकाळी पकडी करतो. आपली खेळाडू मुलगी आषाढ-श्रावणात दिवसभर बांधीत वाकून रोवणी करते, मार्च-एप्रिलमध्ये भल्या पहाटे मोहफुलं वेचते, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडते. ही सगळी वाकून करायची कामं. कंबर पोत्याचा भार वेगळा आणि चढाईचा भार वेगळा असं मोजत नाही. दोन्ही एकाच खात्यात जमा होतात. "खेळताना दुखलं" असं आपण म्हणतो, पण अनेकदा खातं कामानेच भरत आलेलं असतं. खेळ फक्त शेवटची भर घालतो.

मोठ्या खेळाडूंचा हिशोब कसा ठेवतात ते पाहा. जसप्रीत बुमराहच्या कमरेला 2019 मध्ये ताणाने चीर गेली. 2022 मध्ये पाठ पुन्हा दुखावली आणि ऑस्ट्रेलियातला टी-20 विश्वचषक हुकला. मार्च 2023 मध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्ट 2023 मध्ये तो आयर्लंडविरुद्ध परतला. जवळपास अकरा महिने तो बाहेर होता. 2024 च्या टी-20 विश्वचषकात तोच स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जानेवारी 2025 मध्ये सिडनीला पाठ पुन्हा धरली, तेव्हा त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी तीनच कसोटी तो खेळला. त्याने किती चेंडू टाकायचे याचा हिशोब ठेवायला माणसं नेमलेली आहेत.

आपली पोरं मात्र दुसरी गोष्ट सांगतात. जानेवारी 1999, चेन्नई, पाकिस्तानविरुद्धची कसोटी. 271 धावांचं लक्ष्य असताना सचिन तेंडुलकर कमरेच्या कळा सोसत 136 धावा करून गेला आणि भारत 12 धावांनी हरला. खरी गोष्ट आहे, अभिमानाची आहे. पण सचिन त्यानंतर नोव्हेंबर 2013 पर्यंत खेळला, तो एकट्या सोसण्यावर नाही. उपचार करणारे, व्यायाम करवून घेणारे, विश्रांती ठरवणारे लोक त्याच्याभोवती होते. वस्तीतल्या पोराकडे तसं कुणी नाही, म्हणून त्याला आपला हिशोब स्वतः ठेवावा लागतो.

त्यासाठी एक वही पुरते. रोज रात्री तीन गोष्टी लिहा : आज किती तास वाकून किंवा ओझं उचलून काम केलं, किती वेळ खेळ किंवा सराव केला, आणि उद्या सकाळी उठल्यावर कंबर किती दुखली (0 म्हणजे अजिबात नाही, 10 म्हणजे असह्य). दोन आठवड्यांत तुमचं तुम्हाला दिसेल की कोणत्या दिवसानंतर कंबर धरते. रोवणीच्या किंवा हमालीच्या दिवसांत सराव निम्मा करा. सामना असेल त्याच्या आदल्या दिवशी पोती वाहू नका. मजुरी बुडवणं परवडत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. अशा वेळी कमी करायचा तो सराव. पण सराव कमी करणं म्हणजे खेळ सोडणं नव्हे.

आधी ही लक्षणं तपासा

पुढचा व्यायाम सुरू करण्याआधी हे वाचा. यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय नकोत, दवाखाना गाठा.

• लघवी अडणे, लघवी-संडासवरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधली जागा बधिर होणे, दोन्ही पायांतली ताकद जाणे. ही तातडीची वेळ आहे. त्याच दिवशी, 108 ची गाडी बोलावून जा. उशीर झाला तर पाय कायमचे जाऊ शकतात.
• पंजा वर उचलता न येणे, चालताना पाय फरफटणे.
• ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. कण्याचा टीबी असू शकतो. टीबी फक्त छातीचा नसतो.
• उंचावरून पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं.
• 18 वर्षांखालच्या खेळाडूची कंबर तीन-चार आठवडे सतत दुखणं. वाढत्या वयात मणक्याला चीर जाऊ शकते, विशेषतः वेगवान गोलंदाजांना.
• तरुण माणसाची कंबर सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली राहणं, विश्रांतीने वाढणं आणि हालचालीने कमी होणं, आणि हे तीन महिन्यांहून जास्त चालणं. हा सांध्यांचा वेगळा आजार असू शकतो, त्यावर औषधं आहेत.

एक गोष्ट आपल्या समाजाने विशेष लक्षात ठेवावी. विदर्भात आपल्या बौद्ध समाजात, तसंच गोंड, परधान, माडिया या आदिवासी समाजांत सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो. सिकलसेल पीडित व्यक्तीची कंबर, छाती, हातपाय अचानक जोरात दुखू लागले तर ती उसण नसून सिकलसेलची कळ असू शकते. पाणी कमी पडणं, अति दमणं, थंडीत भिजणं यांनी ती उठते. अशा वेळी चोळत बसू नका, भरपूर पाणी द्या आणि रुग्णालयात न्या. फक्त वाहक असलेली मुलं-मुली सहसा सगळ्यांसारखी खेळू शकतात. मात्र उन्हाच्या तडाख्यात पाणी न पिता जिवाच्या आकांताने धावणं त्यांनी टाळावं. तपासणी केली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 पासून सुरू आहे.

मैदानाकडे परतण्याच्या पाच पायऱ्या

वरची लक्षणं नसतील तर या पायऱ्या चढा. प्रत्येक पायरीवर निदान एक आठवडा थांबा. नियम एकच : व्यायाम करताना दुखणं 10 पैकी 3 पर्यंत गेलं आणि दुसऱ्या सकाळी पूर्वीइतकंच राहिलं तर चालेल. दुसऱ्या सकाळी वाढलेलं असेल तर एक पायरी खाली या. थोडं दुखणं म्हणजे इजा नव्हे, आणि दुखणं वाढत असताना रेटणं म्हणजे शौर्य नव्हे.

पहिली पायरी, चालणं. सकाळ-संध्याकाळ 10 मिनिटांपासून सुरुवात करून एका वेळी 30 मिनिटांपर्यंत. पण पहाटे अंधारात जंगलाला लागून असलेल्या रस्त्यावर एकट्याने चालू-धावू नका. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही वनपरिक्षेत्रात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिलांचा वाघाने बळी घेतला, हे आपण विसरलेलो नाही. उजाडल्यावर, गावातल्या रस्त्यावर, शाळेच्या किंवा विहाराच्या आवारात चाला.

दुसरी पायरी, कमरेला आधार देणारे चार व्यायाम. चटई पुरते.
एक : पाठीवर झोपा, गुडघे वाकवून तळवे जमिनीवर ठेवा, कुल्ले वर उचला, 5 सेकंद थांबा. 10 वेळा.
दोन : हात-गुडघ्यांवर चौपायी व्हा, उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा, 8 सेकंद थांबा, मग बाजू बदला. दोन्ही बाजूंनी 6 वेळा. कंबर झोके खाऊ देऊ नका.
तीन : कुशीवर झोपा, कोपरावर भार द्या, गुडघे वाकलेले ठेवून कंबर जमिनीवरून उचला, 10 सेकंद थांबा. दोन्ही कुशींवर 5 वेळा.
चार : एक सरळ काठी पाठीला उभी लावून धरा. डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही तिला टेकलेली राहतील असं पुढे वाका. काठी सुटली म्हणजे तुम्ही कमरेतून वाकलात. गुडघे किंचित मोडून खुब्यातून वाकायला शिका. 10 वेळा. हा व्यायाम खेळाइतकाच रोवणीला आणि पोतं उचलायलाही उपयोगी आहे.

तिसरी पायरी, धावणं. 1 मिनिट हलकं धावा, 1 मिनिट चाला, असं 10 वेळा. हळूहळू चालणं कमी करा.

चौथी पायरी, न भिडता सराव. कबड्डीत चढाईच्या हालचाली करा, पण पकड नको. व्हॉलीबॉलमध्ये पास आणि खालून सर्व्हिस, उडी मारून फटका नको. क्रिकेटमध्ये चार-पाच पावलांच्या धावेवर निम्म्या वेगाने दोन षटकं.

पाचवी पायरी, सामना. कबड्डीचा सामना 20-20 मिनिटांच्या दोन डावांचा असतो. पहिल्या आठवड्यात एकच डाव खेळा. एका रात्रीत तीन-तीन सामने असलेल्या स्पर्धेने सुरुवात करू नका.

परतल्यावरही ते चार व्यायाम आठवड्यातून तीन दिवस चालू ठेवा. दुखणं थांबलं म्हणून व्यायाम सोडणाऱ्यांकडे ते बहुधा परत येतं.

खेळताना काय सांभाळायचं?

चढाईपटूंनी वाकताना गुडघे आणि खुबे मोडावेत, पाठीची कमान करून हात लांबवत राहू नये. पकड करणाऱ्यांना सर्वांत जास्त धोका असतो तो समोरच्याला उचलून त्याच वेळी कंबर पिळण्याचा. आधी पाय रोवा, मग सगळं अंग एकदम वळवा. कंबर दुखरी असेल तर काही दिवस कोपरा सोडून साखळीत खेळा, कर्णधाराला तसं मोकळेपणाने सांगा. व्हॉलीबॉलमध्ये पाठ मागे ताणून मारलेला फटका मणक्याच्या मागच्या भागावर भार टाकतो, म्हणून एका दिवशी असे किती फटके मारले ते मोजा.

पोलीस भरतीच्या मुला-मुलींनी विशेष काळजी घ्यावी. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर धावणं आणि गोळाफेक. मुलांचा गोळा 7.26 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. गोळा फेकताना जोर पायांतून आणि खुब्यातून यावा. जाहिरात निघाल्यावर महिनाभरात सगळं उरकायला जाणाऱ्यांचीच कंबर जास्त धरते. तयारी वर्षभर थोडी थोडी करा. घरच्यांच्या सगळ्या आशा त्या एका चाचणीवर असतात, म्हणून कंबर आधीपासून जपा.

सुई आणि गोळ्या

दुखणं दाबून सामना खेळण्यासाठी सुई घेऊ नका. दुखणं ही कमरेची सूचना असते. ती ऐकू येईनाशी झाली की इजा वाढते आणि सामना संपल्यावर कळते. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक औषधांनी पोटात व्रण होतात. उन्हात घाम गाळून पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडालाही धोका असतो. पुडीत बांधून मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्यांत स्टेरॉइड असू शकतं, ते वारंवार घेतल्याने हाडं ठिसूळ होतात. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीने, जेवून, ठरलेल्या दिवसांपुरतंच घ्या. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत कंबरदुखीचं प्रमाण जास्त आढळतं, हेही ध्यानात ठेवा.

बहिणींसाठी दोन शब्द

मुलगी कंबर दुखते म्हणाली की पहिला हुकूम सुटतो तो खेळ बंद करण्याचा. रोवणी, पाणी, स्वयंपाक बंद करा असं कुणी म्हणत नाही. खात्यातला सर्वांत मोठा भार तसाच राहतो आणि आनंदाचा तासभर तेवढा कापला जातो. हे उपचार नव्हेत. घरातलं ओझं वाटून घ्या, खेळ राहू द्या. कंबरदुखीबरोबर अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरं जात असेल, पाळीत फार रक्त जात असेल किंवा ओटीपोटात दुखत असेल तर लाजू नका, तपासून घ्या. तेव्हा दुखण्याचं मूळ कमरेत नसेल. बाळंतपणानंतर परतणाऱ्यांनी पहिल्या पायरीपासूनच सुरुवात करावी.

कुठे जायचं?

सुरुवात सिंदेवाहीच्या ग्रामीण रुग्णालयातून करा. पुढची तपासणी लागली तर चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा आणि "व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट दाखवा" असं स्वतःहून विचारा. गडचिरोली जिल्ह्यात चातगावजवळ शोधग्राम इथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचा माँ दंतेश्वरी दवाखाना आहे. तिथे मणक्याचे तज्ज्ञ बाहेरून येऊन तपासतात. तारीख आधी विचारून जा. शस्त्रक्रिया सांगितली आणि वरची तातडीची लक्षणं नसतील तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. शेत किंवा दागिना गहाण टाकण्याआधी हा प्रश्न विचाराच.

काहींची इजा कायमची असते. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धा होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक कण्यापाशी रुतली. मुष्टियुद्ध सुटलं, पण खेळ सुटला नाही. ते पोहण्याकडे वळले आणि 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकून आले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्यालाही कधी खेळ बदलावा लागेल, कधी खेळातली जागा बदलावी लागेल. चढाई झेपेनाशी झाली तर पंच व्हा, लहान मुलींचा संघ घडवा. पायात बळ आहे तोवर मैदानाशी नातं तोडू नका.

वस्तीतल्या मंडळांना आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना एक विनंती. बक्षिसाच्या रकमेबरोबर मैदानावर पाण्याचं पिंप, सामन्याआधी 10 मिनिटं अंग गरम करण्याचा नियम आणि एका संघाला एका रात्री दोनच सामने, एवढं ठरवा. आणि खेळाडूंनो, आजच वही काढा. पहिल्या पानावर तारीख घाला, आज किती तास वाकलात ते लिहा.

जय भीम.